ऑल्डरविक हॉलचं चौथं भूत

व्हर्जिनियातल्या ऑल्डरविक हॉल नावाच्या इंग्रजी हवेलीत सध्या चार भुतं आहेत. त्यांतली तीन माझ्या बायकोने तयार केली आणि चौथा मी आहे.

हे लिहायला मला वर्ष लागलं. मी मुळात कमी बोलतो आणि त्याहून हळू लिहितो. शैला असती तर एव्हाना तिने हे चाळीस लोकांना सांगितलं असतं, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. ती नाही, म्हणून तुम्हाला ही न वाढवलेली आवृत्ती वाचावी लागतेय. (थोडी वाढवली आहे. इतक्या वर्षांच्या संसाराचा तेवढा परिणाम होणारच.)

हवेली आमच्या हर्नडनच्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर आहे. शंभरेक वर्षांपूर्वी एका गडगंज अमेरिकन माणसाने इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातली ही पडायला आलेली हवेली विकत घेतली, प्रत्येक दगडावर नंबर घातला, सगळं खोक्यांत भरून बोटीने इकडे आणलं आणि पुन्हा उभं केलं. जिने आले, खिडक्या आल्या, ओकच्या लाकडाच्या भिंती आल्या. शैला तिथे व्हॉलंटियर गाइड म्हणून लागली, तेव्हा पहिल्याच शनिवारी परत येताना गाडीत मला म्हणाली, "अहो, एवढी जुनी वास्तू आणि एक भूत नाही. दगडांना व्हिसा मिळाला, भुतं बिचारी तिकडेच राहिली."

"हं," मी म्हणालो.

"लोक विचारतात हो. लांबलांबून येतात माणसं. जुन्या इंग्रजी घरात यायचं आणि नुसत्या खुर्च्या बघून परत जायचं?"

शैला मूळची गुहागरची. तिच्या आळीत जेवढी घरं तेवढी भुतं होती आणि सगळ्यांची सगळ्यांशी ओळख होती. तिने गावाकडचा माल इकडे आणला. महिन्याभरात हवेलीत लेडी ॲराबेला अवतरली. या लेडीचे पाय उलटे. त्यामुळे बर्फ पडला की तिची पावलं ती जिथून आली तिकडे गेलेली दिसतात. तुम्हीआम्ही जिला हडळ म्हणतो, ती इथे घेरदार झगा घालून वरच्या मजल्यावर फिरू लागली. मग मागच्या बागेत हिरव्या कुंपणाचा भुलभुलैया आहे, तिथे शैलाने चकवा सोडला. चकवा लागला की माणूस त्याच त्याच जागी फिरत राहतो आणि सुटायचं असेल तर अंगातला कपडा उलटा करून घालावा लागतो. त्या वर्षीपासून भुलभुलैयातून बाहेर पडणाऱ्या निम्म्या माणसांची जॅकेटं उलटी असतात.

"हे खोटं नाही का?" मी एकदा विचारलं होतं.

"मी 'असं म्हणतात' म्हणून सांगते."

"कोण म्हणतं?"

"मी."

तिसरंही एक भूत तिने केलं होतं. ते कुठलं, हे मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं असणार. मी तेव्हा बहुधा वाचत असेन.

कारण खरी गोष्ट अशी की, मी सहा वर्षं दर शनिवारी शैलाला तिथे नेलं, पण टूर एकदाही घेतली नाही. तिला हायवेवर गाडी चालवायची भीती, म्हणून ड्रायव्हर मी. ती आत जायची आणि मी पार्किंगमध्ये काच थोडी खाली करून पुस्तक उघडायचो. आयुष्यभर ग्रंथालयात कॅटलॉगिंग केलेल्या माणसाला चार तास शांतता आणि बसायला सीट, म्हणजे दुसरं काय हवं? "आज तरी आत या," ती म्हणायची. "पुढच्या शनिवारी," मी म्हणायचो. असे तीनशे शनिवार झाले आणि मग एका ऑक्टोबरात तीन आठवड्यांच्या आजाराने शैला गेली. पुढचे शनिवार संपले.

आता दहाव्या दिवसाकडे येतो.

दहावा आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर करायचं ठरलं. नदीकाठच्या पार्कात करायला परमिट लागतं आणि फॉर्ममध्ये 'कार्यक्रमाचं स्वरूप' असा एक रकाना होता, तो कसा भरावा हे मला सुचलं नाही. पाठक गुरुजी सकाळी सातलाच आले. गुरुजी तसे तरुण, नागपूरचे, सोमवार ते शुक्रवार आयटीत. धोतर, उपरणं आणि कानात ब्लूटूथ. ते बाहेर सगळं मांडून ठेवेपर्यंत मी आतल्या कपाटापाशी उभा होतो. शैलाने खूण म्हणून रुमाल घातलेलं एक पुस्तक तिथे सापडलं होतं.

"बाबा, गुरुजी आर वेटिंग," माझी मुलगी ईशा म्हणाली.

"हं, आलोच," मी म्हणालो आणि आणखी दोन पानं वाचली.

विधी व्यवस्थित झाला. मी धोतरात, उघडा, ऑक्टोबरच्या थंडीत काकडत होतो. गुरुजींनी पिंड डेकच्या कठड्यावर ठेवले, आम्ही चार पावलं मागे सरलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

आधी खार आली. शैलाची मोठी बहीण कुमुदताई पुण्याहून आली होती, तिने खारीला चप्पल दाखवली. मग एक निळा पक्षी आला, तोही गेला. मग शेजारच्यांच्या धुराड्यावर खरोखरच एक कावळा येऊन बसला. त्याने पिंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंखात चोच खुपसून तो स्वतःचं आवरत बसला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, अशी समजूत आहे. मग घरच्यांनी ती इच्छा ओळखायची आणि पुरी करण्याचं मोठ्याने वचन द्यायचं. माझा यावर विश्वास नाही. म्हणजे धुराड्यावरचा तो कावळा स्वतःचं आवरू लागेपर्यंत नव्हता.

कुमुदताईने माझ्या वतीने वचनं द्यायला सुरुवात केली. "शैले, मुकुंदराव बीपीची गोळी वेळेवर घेतील गं."

कावळा ढिम्म.

"गराजमधली पुस्तकांची खोकी काढून टाकतील."

"ताई," मी म्हणालो.

"गप्प बसा. शैले, सगळी खोकी. ईशाचं लग्न मी जमवते."

"मावशी! नोबडी आस्क्ड फॉर दॅट," ईशा म्हणाली.

कावळा उडाला. आमच्याकडे नव्हे, पलीकडे हायवेच्या दिशेने.

तासभर गेला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि पिशवीतून दर्भ काढला. "काका, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववता येतो. इथे आपण बरेचदा तसंच करतो. फुल्ली व्हॅलिड."

"माझ्या बहिणीला गवताचा कावळा?" कुमुदताई म्हणाली. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि पदर खोचला. "खरा कावळा शिवेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

कुमुदताईला अठरा वर्षं मधुमेह आहे. ईशा फिजिशियन असिस्टंट आहे. तिने मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, डू समथिंग."

मी काय करणार? मला रडू येत होतं आणि थंडी वाजत होती, आणि दोन्हींपैकी कशाने थरथरतोय हे कळत नव्हतं. तेवढ्यात ईशाच म्हणाली, "वेट. आई त्या हॉलच्या कावळ्यांबद्दल सारखी कम्प्लेन करायची ना? टेरेसवर कुणी कुकी काढली की झडप घालतात म्हणून?"

मला आठवलं नाही. (वाचत असणार.) पण कुमुदताई उठून उभी राहिली. "तेच. तिचा जीव तिथेच अडकलाय. चला."

"मी येतो," गुरुजी म्हणाले. "पण संध्याकाळी पाचला माझा प्रॉडक्शन रिलीज आहे."

तर पिंड डब्यात, डबा कुमुदताईच्या मांडीवर, दुसऱ्या डब्यात जेवण, मी धोतर-उपरण्यावर ईशाचा पफर कोट चढवलेला, आणि मागून गुरुजी त्यांच्या विजेच्या गाडीतून, अशी आमची वरात निघाली. तो शनिवार होता हे ऑल्डरविकचं फाटक दिसेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि तो ऑक्टोबरातला शनिवार होता. म्हणजे हॅलोवीन, भुतांचा सीझन. फाटकावर भोपळे, कोळ्यांची जाळी आणि पार्किंगकडे वळणारी गाड्यांची रांग. माणसं चेटकिणी, हाडाचे सापळे आणि व्हँपायर होऊन उतरत होती.

फाटकावरच्या मुलीने खिडकीतून आत पाहिलं. मी कोट काढून ठेवला होता, कारण गाडीत हीटर होता. तिने माझ्या कपाळावरचं भस्म पाहिलं, उपरणं पाहिलं, मागच्या गाडीतले गुरुजी पाहिले. "तुम्ही परफॉर्मर्स का?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी तोंड उघडेपर्यंत ईशा म्हणाली, "येस."

आम्हाला केशरी मनगटपट्टे मिळाले आणि दाराला खेटून असलेली जागा मिळाली. सहा वर्षांत मला तिथे एवढं चांगलं पार्किंग कधी मिळालं नव्हतं.

पश्चिमेकडची टेरेस दगडी, रुंद, समोर हिरवळ. आणि वर छपरावर, धुराड्यांवर, पन्हाळीवर कावळेच कावळे. मोजले नाहीत, पण शैला बरोबर होती. गुरुजींनी कठड्याची एक जागा पाण्याने पुसली, केळीचं पान मांडलं, पिंड ठेवले आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली.

दोन मिनिटांत आमच्याभोवती गर्दी जमली. एका चेटकिणीने हळूच पुढे होऊन पिंडाकडे बोट केलं. "हे ग्लूटेन-फ्री आहेत का?"

"येस," गुरुजी मंत्र थांबवून म्हणाले. "बट नॉट फॉर यू."

ती मान हलवून मागे सरली. इतका नम्र नकार तिला परफॉर्मन्सचा भाग वाटला असावा. एका सापळ्याने गुरुजींबरोबर सेल्फी काढला. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, शैला, आयुष्यात एकदा नीट काही करायला निघालो तर हे बघ काय चाललंय. मग वाटलं, तिला हे फार आवडलं असतं. आणि मग डोळे मिटलेलेच ठेवावे लागले.

"तुम्ही शीलाचे मिस्टर ना?" कुणीतरी इंग्रजीत विचारलं. "गाडीतले?"

समोर मार्जरी उभी होती. मार्जरी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ट्वीडचा स्कर्ट, गळ्यात गाइडचा बिल्ला, मागे पंधराएक माणसांचा टूर ग्रुप. शैलाला ती शीला म्हणायची आणि शैला तिला माझी मैतरीण म्हणायची. सहा वर्षं ती मला गाडीच्या काचेतून हात करत होती आणि मी पुस्तकाच्या वरून मान डोलावत होतो. तेवढीच आमची ओळख.

मी जमेल तसं सांगितलं. आज दहावा दिवस. हा भात तिच्यासाठी. कावळ्याने घेतला की ती समाधानाने गेली असं आम्ही मानतो. घरी घेतला नाही.

मार्जरीने चष्मा काढला, पुसला, घातला. मग ती वळली आणि सगळ्या गर्दीला म्हणाली, "हा शो नाही. ही शीलाची माणसं आहेत. कृपया शांत राहा."

तुम्ही कधी वीस चेटकिणी, चार सापळे, दोन व्हँपायर आणि एक माणसाएवढं केळं मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलंय? मी पाहिलंय. कुणी हलेना. कुमुदताईने डोळ्यांना पदर लावला आणि कुजबुजली, "चांगली माणसं आहेत हो. कपडे जरा विचित्र आहेत."

कावळे मात्र वरून पाहत राहिले. खाली एक उतरला, कठड्याच्या टोकाला बसला, मान वाकडी केली, आणि थांबला.

"बोला मुकुंदराव," ताई म्हणाली. "माझ्या वचनांनी काही होत नाही. तुमचं काय राहिलंय ते तुम्हालाच ठाऊक."

मला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं. एवढ्या लोकांसमोर बोलायचं जिवावर आलं, एरवी चार लोकांसमोरही येतं. पण कावळा थांबला होता.

"शैला," मी म्हणालो, "मी तुझी टूर घेईन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुस्तक न घेता."

आता मी वाढवून सांगत नाही. कावळा दोन उड्या मारत आला, मधला पिंड चोचीत धरून अर्धा फोडला आणि घेऊन उडाला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. काकस्पर्शाला टाळ्या पडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. केळं हुंदके देत होतं. गुरुजी म्हणाले, "काका, डन," आणि उरलेले पिंड डब्यात भरून, घराजवळच्या ओढ्यात विसर्जन करतो म्हणून, रिलीजसाठी निघाले. ईशाने ताईच्या तोंडात सोललेलं केळं जवळजवळ कोंबलं. (खायचं केळं. माणसाएवढं नव्हे.)

"आता जेवू या," मी म्हणालो. "टूर पुढच्या शनिवारी घेतो."

कुमुदताईने वर पाहिलं. कावळा पन्हाळीवर बसून खात होता. "अजून तो इथेच आहे हं," ती म्हणाली. "आम्ही खाली अंगणात पानं वाढतो. तुम्ही आत जाऊन या."

असा मी ओलेत्या डोळ्यांनी आणि कोरड्या धोतरात मार्जरीच्या ग्रुपमागे आत गेलो. आता वाटतं, सहा वर्षं मी गाडीत बसून जगातली उत्तमोत्तम पुस्तकं वाचली आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे माझी बायको या गोष्टी सांगत होती. लेडी ॲराबेलाच्या उलट्या पायांपाशी लोकांचे श्वास अडकले. मार्जरीने ते शैलाच्याच लयीत सांगितलं. थांबायच्या जागासुद्धा शैलाच्या. खिडकीतून भुलभुलैया दाखवला तेव्हा खाली एक व्हँपायर आपला झगा उलटा करत होता.

मग आम्ही वरच्या मजल्यावरच्या लायब्ररीत गेलो. छतापर्यंत चामडी बांधणीची पुस्तकं, खिडकीपाशी एक खोल खुर्ची, तिच्यापुढे मखमली दोर आणि दोराला पितळी खांब. मी अर्थातच दोराला चिकटून कपाटाकडे पाहू लागलो. कॅटलॉग न केलेली पुस्तकं दिसली की मला दुसरं काही ऐकू येत नाही. पण वचन दिलं होतं, म्हणून कान मार्जरीकडे ठेवले.

"आणि हे आमचं सर्वांत लाडकं भूत," मार्जरी सांगत होती. "सर मायकुंड."

माझे कान टवकारले.

"सर मायकुंड फार विद्वान, अत्यंत सज्जन आणि पूर्णपणे निरुपयोगी होते. दिवसभर या खुर्चीत वाचत बसत. त्यांची पत्नी खालच्या अंगणातून त्यांना जेवायला हाक मारी. एकदा. दोनदा. तीनदा. दर वेळी सर मायकुंड मान वर न करता एकच उत्तर देत." तिने आवाज खोल केला. "हं. आलोच."

ग्रुपमध्ये हसू पसरलं.

"हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा फार जुना शब्दप्रयोग आहे," मार्जरी म्हणाली. "शीलाने शोधून काढला. अर्थ असा की, मी येणार नाही."

मी खांबाला धरलं.

"शेवटी बाई कंटाळल्या आणि त्यांनी शाप दिला. तिसऱ्या हाकेला जो उठणार नाही, त्याला चौथी हाक कुणी मारणार नाही. त्या दिवसापासून घरात हाक ऐकू आली नाही. सर मायकुंड अजून या खुर्चीत आहेत. सूप गार झालंय. ते चौथ्या हाकेची वाट बघतायत."

सगळे हसले. शैलाने हे हसण्यासाठीच रचलं होतं, आणि मीही हसलो, म्हणजे हसायला तोंड उघडलं. पण ते 'चौथी हाक कुणी मारणार नाही' हसण्यावारी नेता येईना. ती सहा वर्षं दर शनिवारी हे सांगत होती, शंभर पावलांवरून. सांगून संपलं की खाली येऊन गाडीत बसायची आणि म्हणायची, "काय मग, कितवं पान?"

मी त्या खुर्चीकडे बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे. सवयीने नजर पुन्हा कपाटाकडे वळली. तिसऱ्या फळीवर एक बाड उलटं ठेवलेलं दिसलं आणि ते सरळ करायला हवं, असं वाटत होतं.

"बाबाऽ," खालच्या अंगणातून ईशाचा आवाज आला. "जेवायला या. मावशी थांबलीये."

"हं, आलोच," मी म्हणालो.

मी वळून पाहिलं. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांना दिसत होता एक उघडा, भस्म लावलेला, पांढऱ्या वस्त्रातला म्हातारा, जो इंग्लंडच्या उत्तरेकडच्या अतिप्राचीन बोलीत अस्खलित बोलला होता. एका बाईने नवऱ्याचा दंड धरला.

"वन," मार्जरी हळूच म्हणाली. तिच्या चष्म्यामागे डोळे चमकत होते. तिला सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"बाबा! वरण गार होतंय!"

"टू," आता तीन-चार जण म्हणाले.

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं. कॅटलॉगिंग, शैला, गुहागर, कुठून सुरू करावं ते ठरवत होतो. ठरवायला मला वेळ लागतो. खाली ईशाने श्वास भरल्याचं मला वरपर्यंत ऐकू आलं, म्हणजे आलं असं वाटलं, आणि अख्खा टूर ग्रुप एका आवाजात ओरडला, "गो!"

मी धावलो. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी धावलो नव्हतो. मखमली दोर मागे सोडून जायचा माझा विचार होता. माझ्या धोतराचा नव्हता. सोगा पितळी खांबात अडकला, खांब दोराला बांधलेला, दोर दुसऱ्या खांबाला. तरी मी थांबलो नाही. चारशे वर्षांच्या ओकच्या जिन्यावरून मी खाली आणि माझ्यामागे दोन पितळी खांब प्रत्येक पायरी मोजत खाली, असा तो आवाज सगळ्या हवेलीत घुमला. वाटेत वर येणारा दुसरा ग्रुप भिंतीला चिकटला. खालच्या दारात कोणीतरी किंचाळलं. धोतर जिन्याच्या वळणावर राहिलं. ते जिथे राहिलं त्याच्या पुढचा प्रवास मी सकाळी ईशाने आत घालायला लावलेल्या थर्मल पँटवर केला, ज्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

अंगणात ईशाच्या ओठांवर तिसरी हाक तशीच होती. "बाबा," ती म्हणाली, "व्हेअर आर युअर क्लोद्ज?"

"आलो," मी म्हणालो. नुसतं 'आलो', पहिल्यांदाच.

कुमुदताईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही विचारलं नाही आणि माझ्या पानात वरणभात वाढला. गरम होता. छपरावरून कावळा एकदा ओरडला आणि उडून गेला.

यंदा वर्षश्राद्धानंतरच्या शनिवारी मी रीतसर तिकीट काढून पुन्हा टूरला गेलो. पँट, शर्ट, पुस्तक नाही. मार्जरीला सुट्टी होती. एक नवी गाइड होती, मला न ओळखणारी. उलटे पाय झाले, चकवा झाला, सर मायकुंड झाले. मग जिन्याच्या वळणावर थांबून ती म्हणाली की इथलं चौथं भूत गेल्या वर्षापासूनच दिसू लागलंय. ऑक्टोबरात, भर दुपारी. साधारण ऐंशीचं आहे, पांढऱ्या वस्त्रात येतं आणि त्याशिवाय जातं. साखळदंडांचा आवाज होतो. अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. बायकोने जेवायला हाक मारली म्हणून ते धावत सुटतं.

मी चौसष्टचा आहे, पण ते सोडून देऊ. ग्रुपमधल्या एकानेही शंका घेतली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी भुतं रचलेली शैला तिथे असती, तर हे हाकेसरशी धावणं मात्र तिला मुळीच खरं वाटलं नसतं.